नकाशात नसलेली खोली: वाढीव काम केलेलं घर विकताना

कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, मोबाईलवर नकाशा उघडला आणि लेझरचं छोटं यंत्र भिंतीला टेकवत एकेक खोली मोजायला सुरुवात केली. हॉल जुळला. स्वयंपाकघर जुळलं. बेडरूम जुळली. मग तो आजीच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबला, फोनकडे बघितलं, खोलीकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, ही खोली नकाशात नाहीये. इथे टेरेस दाखवलीय."

सिंहगड रस्त्यावरचा आमचा हा फ्लॅट. १९९८ साली आजी गावाहून कायमची राहायला आली, म्हणून बाबांनी फ्लॅटला लागून असलेल्या गच्चीवर विटांच्या भिंती घातल्या, वर सिमेंटचे पत्रे टाकले आणि अकरा बाय दहाची खोली केली. सोसायटीत तेव्हा कितीतरी जणांनी असंच केलं होतं. आजी त्या खोलीत चौदा वर्षं राहिली. पुढे बाबांचे गुडघे जिना चढायला नको म्हणू लागले. आई-बाबांना माझ्या जवळ तळमजल्यावर आणायचं ठरलं आणि फ्लॅट विकायला काढला. जाहिरातीत आम्ही तो 'दोन बेडरूमचा' म्हणून लिहिला. घेणारं जोडपं तरुण होतं. त्यांनी इसार दिला, भाड्याच्या घराच्या मालकाला नोटीसही दिली. व्हॅल्युअरचा अहवाल गेला आणि बँकेने कळवलं की प्रत्यक्ष बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे होईपर्यंत कर्ज मिळणार नाही. व्यवहार मोडला. इसार आम्ही परत केला, पण त्या दोघांची तोवर जी धावपळ झाली होती ती काही आम्हाला परत करता आली नाही.

तेव्हापासून गेल्या काही वर्षांत ओळखीच्या बऱ्याच जणांनी मला या विषयावर फोन केलाय. परदेशात राहून इथलं आई-वडिलांचं घर विकायला निघालेली मंडळी त्यात फार. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: घर विकायला काढण्यापूर्वी मंजूर नकाशा हातात घ्या आणि घर त्याच्याशी ताडून बघा. जे जास्तीचं असेल ते काढा, किंवा नियमित करून घ्या, किंवा घेणाऱ्याला लेखी सांगा. यातलं जे काही करायचं ते इसार घेण्याआधी करा.

नकाशा म्हणजे नेमकं काय

इमारत बांधण्याआधी वास्तुविशारद तिचा नकाशा महापालिकेकडे, नगरपरिषदेकडे किंवा त्या भागाच्या विकास प्राधिकरणाकडे देतो. तो मंजूर झाला की बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र मिळतं. इमारत उभी राहिल्यावर ती नकाशाप्रमाणे आहे हे पाहून भोगवटा प्रमाणपत्र दिलं जातं. त्यालाच आपण ओसी म्हणतो. ओसी म्हणजे त्या दिवशीच्या इमारतीचा दाखला. त्यानंतर तुम्ही, किंवा तुमच्या आधीच्या मालकाने, जे काही बांधलं ते त्या दाखल्यात येत नाही. "आमच्या बिल्डिंगला ओसी आहे" हे उत्तर म्हणूनच अर्धं आहे. इमारतीला ओसी असते आणि तुमच्या गच्चीवरच्या खोलीला नसते.

आता, स्वतःच्याच बाल्कनीला खिडकी लावून ती आत घेतली तर बिघडलं कुठे, असं बहुतेकांना वाटतं. त्याचं उत्तर एफएसआयमध्ये आहे. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल याचा आकडा. समजा प्लॉट एक हजार चौरस मीटरचा आहे आणि एफएसआय १.१ आहे, तर तिथे अकराशे चौरस मीटर बांधता येतं. जुन्या नियमावल्यांत उघडी बाल्कनी आणि उघडी गच्ची ठरावीक मर्यादेपर्यंत या हिशेबात धरत नसत, कारण ती राहण्याची खोली नव्हे, मोकळी जागा. ती तुम्ही बंद केलीत की न धरलेलं क्षेत्र खोली बनतं आणि अख्ख्या प्लॉटचा हिशेब वर जातो. एफएसआयचं खातं सगळ्या इमारतीचं मिळून एकच असतं. वीस जणांनी बाल्कन्या बंद केल्या तर त्या खात्यात वीस खोल्या जास्तीच्या होतात.

इथे एक बारकावा आहे आणि तो पैशाचा आहे. प्रत्येक बंद बाल्कनी बेकायदा नसते. पूर्वीच्या कित्येक मंजुऱ्यांत बिल्डरने प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून बाल्कनी बंद करण्याची परवानगी घेतलेली आहे आणि नकाशात तिथे तसं लिहिलेलं असतं. मुंबईत जानेवारी २०१२ पासून नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवरबेड वगैरे एफएसआयमध्ये धरायला लागले आणि त्या बदल्यात राहत्या इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादाचा, एफएसआय मिळू लागला. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली आली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई तिच्यात येत नाही, तिथे २०३४ च्या विकास आराखड्याची स्वतंत्र नियमावली आहे. म्हणून "बाल्कनी बंद केली, आता काय?" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तुमच्या इमारतीचा नकाशा कोणत्या वर्षी, कोणत्या नियमांखाली मंजूर झाला आणि त्यात ती बाल्कनी कशी दाखवली आहे, हे बघावं लागतं. घाबरून तोडफोड करण्याआधी एवढं नक्की बघा.

कशाला परवानगी लागते

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. बोलताना त्याला एमआरटीपी म्हणतात. त्याच्या ४३व्या कलमातच एक सवलत आहे: जे काम फक्त इमारतीच्या आतल्या बाजूपुरतं आहे किंवा ज्याने बाहेरच्या रूपात ठळक फरक पडत नाही, अशा देखभालीच्या आणि सुधारणेच्या कामाला या कायद्याखाली परवानगी लागत नाही. फरशी बदलली, रंग दिला, मॉड्युलर किचन केलं, वायरिंग नवीन घातलं, सीलिंग केलं, तर घर विकताना त्याची चिंता करू नका. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फेरबदल करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यायची असते, ती मात्र घेतलेली बरी.

चिंता सुरू होते ती क्षेत्र वाढतं, इमारतीचा सांगाडा बदलतो, वापर बदलतो किंवा सगळ्यांच्या मालकीची जागा आत घेतली जाते तेव्हा. गच्चीवर खोली, ड्राय बाल्कनी स्वयंपाकघरात ओढणं, डक्टवर स्लॅब टाकून केलेलं कपाट, शेजारच्या मोकळ्या अंतरात वाढवलेली खोली, जिन्याखालच्या जागेला दार लावणं, राहत्या फ्लॅटमध्ये दवाखाना किंवा क्लास, पार्किंगला शटर. पार्किंगबद्दल एवढंच सांगते, की स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली मोकळी, जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं आहे. तेव्हा बंदिस्त केलेलं पार्किंग 'गॅरेज' म्हणून आपल्या करारात घालू नका.

दोन फ्लॅट जोडून एक केलेला असेल, तर तो प्रकार जरा निराळा. कागदावर ते दोनच असतात: दोन करार, सोसायटीची दोन भागपत्रं (शेअर सर्टिफिकेट), कराच्या दोन पावत्या, दोन मीटर. मधली भिंत साध्या विटांची असेल आणि नकाशात दुरुस्ती मंजूर करून घेतली असेल तर काही अडत नाही. मंजुरी घेतली नसेल, तर विकताना मधलं दार बुजवून दोन वेगळे फ्लॅट म्हणून दाखवणं हा बऱ्याचदा सोपा मार्ग ठरतो. बंद करता येईल असंच दार ठेवून ज्यांनी फ्लॅट जोडले त्यांचं काम दोन दिवसांत होतं. ज्यांनी एक स्वयंपाकघर काढून टाकलं त्यांना मात्र पाईप, ओटा, सगळं पुन्हा उभं करावं लागतं.

आणि भिंतींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जुन्या आरसीसी इमारतीत भार पेलतात ते खांब, तुळया आणि स्लॅब. मधल्या विटांच्या भिंती बहुतेक वेळा नुसत्या आडोशाच्या असतात. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या अनेक उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आहेत. त्याला साईटवर सगळे 'मायवान' म्हणतात. त्यात भिंत आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात आणि बऱ्याचशा भिंती स्वतःच भार घेतात. बाहेरून बघून फरक कळत नाही. भिंतीत साधा खिळा ठोकून बघा. विटेत तो सहज जातो, काँक्रीटमध्ये वाकतो. ही खूण फक्त शंका यायला पुरेशी आहे. खात्री करायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच आणा. मायवानच्या घरात कुणी दार रुंद केलं असेल, तर ते विकण्याआधी इंजिनिअरकडून तपासून घेणं हे घेणाऱ्यावर उपकार म्हणून नाही, वरच्या मजल्यांवर झोपणाऱ्या माणसांसाठी करायचं आहे.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईसिद्धी इमारत सकाळी कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चाललं होतं आणि इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. 'आपल्याच घरात तर काम करतोय' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या छतावर दुसऱ्याची जमीन असते.

"आम्ही कर भरतो ना!"

माझ्या बाबांचं पहिलं वाक्य हेच होतं. त्यांनी फाईल काढून महापालिकेच्या कराच्या पावत्या दाखवल्या. त्या खोलीसकट आकारणी झालेली होती. मग ती बेकायदा कशी?

कर आकारणारं खातं वेगळं आणि बांधकाम परवानगी देणारं खातं वेगळं. जागा वापरात आहे म्हणून कर लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात २६७अ हे कलम आहे. त्याप्रमाणे बेकायदा बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावता येते आणि अशी शास्ती घेतली म्हणून ते बांधकाम नियमित झालं असं धरायचं नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात अशीच तरतूद आहे. पिंपरी-चिंचवडकरांना हा शास्तीकर चांगलाच माहीत आहे. तिथला तो प्रश्न वर्षानुवर्षं पेटला आणि २०२३ मध्ये सरकारने माफीचा निर्णय घेतला. पण शास्ती माफ झाली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असा अर्थ तिथेही नाही. शास्तीच्या पावत्या भरलेली माणसं घर विकायला जातात तेव्हा हे त्यांना कळतं, आणि फार वाईट वाटतं.

वीजबिलाचंही तेच. वीज कंपनी बांधकामाचा कायदेशीरपणा ठरवत नाही. दस्त नोंदवला म्हणजे सरकारने मान्य केलं, हाही मोठा गैरसमज. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मुद्रांक शुल्क नीट भरलं का ते बघतो. घरी येऊन तुमच्या भिंती मोजत नाही. आणि "पंचवीस वर्षं झाली, आता कोण काय करतंय" याला तर कायद्यात आधारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठामपणे सांगितलं: वेळ गेला, प्रशासनाने दिरंगाई केली, किंवा माणसाने पैसे घातले, म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही.

कायदा विकणाऱ्याकडून काय मागतो

वाढीव काम असलेलं घर विकूच नये असं कोणताही कायदा म्हणत नाही. तुमचा मूळ फ्लॅट तुमचाच आहे, त्याची मालकी त्या एका खोलीमुळे खोटी ठरत नाही. कायदा मागतो ते वेगळं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याचं ५५वं कलम सांगतं की, मालमत्तेत किंवा मालकी हक्कात असा महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तर तो विकणाऱ्याने उघड करायचा. तो दडवणं म्हणजे फसवणूक, असं त्याच कलमात पुढे म्हटलं आहे.

'साधी काळजी घेऊन कळलं असतं का' यावर पुढे वकील वर्षानुवर्षं वाद घालू शकतात. खोली तर डोळ्यांना दिसत होती, असं एक बाजू म्हणेल. ती नकाशात नाही हे कुठे दिसत होतं, असं दुसरी म्हणेल. तुम्ही लेखी सांगितलं असेल तर हा वादच उरत नाही.

महापालिकेची बाजू निराळी. परवानगीशिवाय बांधणाऱ्याला एमआरटीपीच्या ५२व्या कलमात एक महिना ते तीन वर्षं कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. ५३व्या कलमाखाली बांधकाम काढण्याची नोटीस निघते. ती नोटीस माणसाच्या नाही, भिंतीच्या मागे लागते. भिंत आज ज्याची, त्याच्या दारावर. म्हणजे बांधलं तुम्ही आणि पाडायची वेळ आली त्या घेणाऱ्यावर. तुम्ही त्याला अंधारात ठेवलं असेल तर तो तुमच्याकडे भरपाई मागायला येणार आणि ते योग्यच आहे.

बँक एवढी कडक का

पूर्वी चालून जायचं, आता का नाही, असं लोक विचारतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिझर्व्ह बँकेने २००६ मध्येच बँकांना सांगितलं होतं: तयार घर घेणाऱ्याने ते मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेलं आहे असं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि कर्ज देण्याआधी बँकेने नेमलेल्या वास्तुविशारदाने तसं प्रमाणित करायचं. हे नीट लक्षात घ्या. प्रतिज्ञापत्रावर सही घेणाऱ्याची असते. तुमची जास्तीची खोली लपवलीत तर तुम्ही त्याला नकळत खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करायला लावता. मग डिसेंबर २०२४ च्या ज्या निकालाचा वर उल्लेख केला, त्यात न्यायालयाने बँकांना बजावलं की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नका. त्यामुळे व्हॅल्युअर आता दारात थांबतो.

बँक तीनपैकी एक करते. कर्ज नाकारते, किंवा फक्त मंजूर क्षेत्राची किंमत धरते, म्हणजे कर्ज कमी आणि घेणाऱ्याच्या खिशातून जास्त, किंवा आधी पूर्ववत करा म्हणते. कोणती बँक काय करेल हे व्यवहाराआधी विचारता येतं. घेणाऱ्याला नकाशाची प्रत देऊन सांगा, बँकेत आधी दाखवून ये.

मग करायचं काय

पहिला रस्ता म्हणजे काढून टाकणं. पत्र्याचं छप्पर, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, ग्रिल, विटांची साधी भिंत अशा कामांना मी हाच सल्ला देते. खर्च दिसतो त्यापेक्षा कमी असतो आणि घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. मात्र हे घाईने करू नका. आमची खोली काढली तेव्हा फरशीखाली गच्चीचा जुना पाण्याचा आउटलेट सिमेंटने बुजवलेला निघाला. छप्पर होतं तोवर काही जाणवलं नाही; पहिल्याच पावसात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये पाणी गेलं असतं. मग आउटलेट मोकळा केला, उताराला धरून नव्याने ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी न झिरपू देणारा विटांच्या तुकड्यांचा थर, घातला आणि दोन दिवस पाणी कोंडून ठेवून खाली ओल येते का पाहिलं. त्या दोन दिवसांत काकूंनी आम्हाला तीनदा फोन करून "कोरडं आहे गं" असं सांगितलं. राडारोडा कुठे टाकायचा ते महापालिकेकडे विचारून ठेवा, नदीकाठी टाकला तर दंड होतो. काम झालं की तारखेसह फोटो काढा, वास्तुविशारदाकडून घर नकाशाप्रमाणे असल्याचा दाखला घ्या आणि कर आकारणीतून ते क्षेत्र कमी करायचा अर्ज द्या.

दुसरा रस्ता नियमित करण्याचा. ५३व्या कलमाखाली नोटीस आली तरी मुदतीत बांधकाम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो आणि त्यावर निर्णय होईपर्यंत नोटीस थांबते. पण अट मूळचीच आहे: बांधकाम आजच्या नियमांत बसायला हवं. एफएसआय शिल्लक हवा, मोकळी अंतरं सुटलेली हवीत, प्रीमियम भरायची तयारी हवी. स्वतंत्र बंगला किंवा रो-हाऊस असेल तर हा रस्ता चांगला आहे. परवानाधारक वास्तुविशारद सुधारित नकाशा करून देतो आणि एकदा कागद झाला की खोलीची पूर्ण किंमत मिळते. फ्लॅटसाठी मात्र मला तो फार लांबचा वाटतो. एफएसआय सगळ्यांचा असल्याने सोसायटीची संमती लागते, आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर आणखी एक सही. सोसायटीने सगळ्यांच्या बाल्कन्यांसाठी एकत्र अर्ज केला तर गोष्ट वेगळी. पुनर्विकासाची चर्चा चालू असेल तर हेही जाणून ठेवा, की विकासक नवीन क्षेत्र देताना साधारणपणे मंजूर नकाशातलं क्षेत्रच मोजतो. वाढवलेली खोली तिथेही जमेला येत नाही.

तिसरा रस्ता: आहे तसं, सांगून विकणं. घेणारा स्वतःच्या पैशाने घेत असेल, किंवा बँकेला नकाशातलं क्षेत्र धरून कर्ज द्यायची तयारी असेल, तर हे जमतं. जाहिरातीत 'एक बेडरूम, लगतच्या गच्चीसह' असंच लिहा. भाव मंजूर क्षेत्रावर लावा. साठेखतात आणि खरेदीखतात क्षेत्र तुमच्या मूळ करारात आहे तेवढंच येऊ द्या. ते वाढवून लिहिलंत तर नसलेल्या क्षेत्रावर मुद्रांक शुल्क जातं आणि खोटं विधान दस्तात कायमचं राहतं. शिवाय अशा अर्थाचा परिच्छेद वकिलाकडून घालून घ्या: "सदर सदनिकेच्या लगतच्या गच्चीवर विटांच्या भिंती व पत्र्याचे छत असलेले बांधकाम असून ते मंजूर नकाशात दर्शविलेले नाही, ही बाब विकणार यांनी खरेदीदारांस सांगितली आहे व खरेदीदारांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहे. सदर बांधकामाचे क्षेत्र या दस्तातील क्षेत्रात धरलेले नाही व त्यापोटी मोबदला घेतलेला नाही." याने महापालिकेचे हात बांधले जात नाहीत, ती उद्याही नोटीस काढू शकते. पण तुमच्यात आणि घेणाऱ्यात काय ठरलं होतं हे स्पष्ट राहतं.

खांब, तुळई, स्लॅब यांना हात लागला असेल तर हा तिसरा रस्ता माझ्या मते बंद आहे. ते आधी दुरुस्त करा, इंजिनिअरचा दाखला घ्या, मग विका.

नकाशा मिळवायचा कुठून

आधी घरातच शोधा. बिल्डरबरोबरच्या पहिल्या करारनाम्याच्या शेवटी परिशिष्टांत मजल्याचा नकाशा जोडलेला असतो. झेरॉक्सची झेरॉक्स असल्याने तो पुसट असतो, पण बाल्कनी आणि गच्ची वाचता येते. नाहीतर सोसायटीच्या कपाटात पूर्ण संच असू शकतो. तिथेही नसेल तर बांधकाम परवानगी विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, किंवा माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज द्या, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. परदेशात असाल तर हे काम सुट्टीत येण्याच्या दोन महिने आधीच इथल्या कुणाला तरी सांगून ठेवा. तीन आठवड्यांच्या सुट्टीत नकाशा, बँक आणि नोंदणी हे सगळं बसत नाही, हे मी बहिणीच्या अनुभवावरून सांगते.

सोसायटीच्या नाहरकत दाखल्याबद्दलही नेहमी विचारतात. आदर्श उपविधींप्रमाणे भाग हस्तांतराला सोसायटीची नाहरकत आवश्यक नाही, तरी बँका ती मागतात. हस्तांतर प्रीमियम, म्हणजे नाव बदलताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. तुमच्या वाढीव कामाचा धाक दाखवून कुणी जास्त 'विकास निधी' मागितला तर द्यायचं कारण नाही. पण तशी वेळच येऊ नये म्हणून काम आधी उरकलेलं चांगलं.

गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवरच्या, घरांचा मामला पूर्णपणे वेगळा आहे. तिथे खोलीचा नाही, अख्ख्या प्लॉटचाच प्रश्न असतो. त्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. असं घर विकायचं असेल तर आधी नियमितीकरणाचा दाखला हातात घ्या, मगच गिऱ्हाईक बघा.

आमचा फ्लॅट दुसऱ्यांदा विकायला काढला तेव्हा जाहिरातीत एक बेडरूम आणि गच्ची लिहिली. भाव पहिल्यापेक्षा कमी ठेवला. यावेळी घेणाऱ्यांच्या हातात पहिल्याच भेटीत नकाशा ठेवला आणि इथे खोली होती, ती काढली, हेही सांगितलं. दुसऱ्या बँकेचा व्हॅल्युअर आला. त्यानेही तसंच एकेक भिंत मोजली आणि शेवटी गच्चीच्या दारात उभा राहिला. बाबा कठड्याला टेकून उभे होते, मागे तळजाईची टेकडी. २६ वर्षांनी ती घरातून दिसत होती. त्यांनी विचारलं, "जुळतंय का?" तो फोनमधला नकाशा त्यांच्यासमोर धरून म्हणाला, "हो काका, हे बघा, हा कठडा आणि हा आउटलेट." बाबांनी चष्मा लावून तो आउटलेट नकाशात नीट शोधला.